बकरवाल मुलांसाठी शाळा बांधायची आहे, पण आत्ता बांधावी का?

वाटेवरची: आमचा छोटा ट्रस्ट आहे. २०२४च्या जूनमध्ये मुघल रोडने जाताना पीर की गली या खिंडीच्या पलीकडे बकरवालांचे, म्हणजे जम्मू-काश्मीरच्या भटक्या मेंढपाळांचे, तळ पाहिले. शेळ्यामेंढ्या, खेचरं आणि त्यांच्यामागे चालणारी सहा-सात वर्षांची पोरं. ती पोरं डोळ्यांसमोरून हलत नाहीत. वरच्या कुरणात तीन खोल्यांची मोफत शाळा बांधायचं ठरतंय, देणगीदारही तयार आहेत. पण एप्रिल २०२५चा पहलगामचा हल्ला आणि मे महिन्यात पुंछवर झालेला तोफमारा यानंतर घरचे धास्तावलेत. कोणी तिकडे काम केलंय का?

स_जोशी: वर्षभर थांबा. पैसे मुदत ठेवीत टाका. तिकडे कधी काय होईल सांगता येत नाही.

ढोकातला मास्तर: ताई, थांबू नका. पण वर खोल्याही बांधू नका. २०१७ ते २०१९ असे तीन उन्हाळे मी शोपियांच्या वरच्या एका ढोकात शिकवलंय, म्हणून इतकं ठाम बोलतोय.

ढोक म्हणजे उन्हाळी कुरण. काफिले राजौरी-पुंछ-जम्मूकडून एप्रिल-मेमध्ये चढतात, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उतरतात. उरलेलं वर्ष तुमची इमारत बर्फात रिकामी. अशांत मुलखात रिकाम्या पक्क्या इमारतीचा भरवसा धरू नये. २०१६मध्ये खोऱ्यात शाळाही जाळल्या गेल्या. तंबू खेचरावर चढतो आणि पोरांबरोबर निघतो.

आमची शाळा म्हणजे ताडपत्री, दोन सतरंज्या आणि काळा रंग दिलेलं जाड कापड. पाट्या पहिल्याच चढणीत ओझ्याखाली फुटल्या, तेव्हा हा फळा केला. तंबूच्या खांबाला गुंडाळला की निघालो.

एक नऊ वर्षांची मुलगी संध्याकाळी शेळ्यांच्या वाड्याच्या तोंडाशी उभी राहून करडं मोजायची, एकही चुकायचं नाही. पण मी हिंदी-उर्दूत गणित सांगायला लागलो की गप्प. मग त्यांच्यातलाच बारावी झालेला मुलगा गोजरीतून, त्यांच्या घरच्या भाषेतून, शिकवायला लागला, आणि आठवड्याभरात ती इतरांच्या चुका काढू लागली! तुमचा पैसा आधी अशा शिक्षकावर लावा.

समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या योजनेतून सरकार तिथे सहा महिन्यांचे हंगामी शिक्षक नेमतं. त्यांना डावलून वेगळी चूल मांडू नका. मुलांची नावं सरकारी पटावर नसली तर खाली उतरल्यावर शाळेत अडचण येते. गुज्जर-बकरवाल १९९१पासून अनुसूचित जमातीत आहेत, पण शिष्यवृत्तीही पटावर नाव असल्याशिवाय मिळत नाही.

अशांततेचं म्हणाल तर २ ऑगस्ट २०१९ला यात्रेकरूंना, पर्यटकांना परत जायला सांगितलं, मीही उतरलो. ५ तारखेला फोन बंद. पोस्टपेड मोबाइल सुरू झाले ते १४ ऑक्टोबरला. तोवर त्या पोराला पगार धाडता आला नाही, शाळा आहे की मोडली तेही कळेना. नोव्हेंबरात राजौरीत भेटला. अंगरख्याच्या आतून त्याने हजेरीवही काढली. ऑगस्ट भरलेला, सप्टेंबर भरलेला. पावसाच्या दिवशी कोण का आलं नाही तेही बाजूला लिहिलेलं. मला बोलता येईना. तेव्हापासून अख्ख्या हंगामाचा पगार काफिला निघण्याआधीच हातात देतो.

बांधायचंच असेल तर खाली, हिवाळी वस्तीजवळ, मुलींचं वसतिगृह बांधा. आईबाप वर निघाले की मोठ्या मुलींची शाळा सुटते, हे मी दर वर्षी पाहिलंय. नियंत्रण रेषेजवळ जागा घेतलीत तर तोफमाऱ्यात आसरा घ्यायला तळघराचा खर्च आधी धरा.

वाटेवरची: देणगीदारांना इमारतीवर नावाची पाटी हवी आहे, खरी अडचण ती. हजेरीवहीची गोष्ट सांगून बघते. त्या शिक्षकाशी बोलता येईल?

ढोकातला मास्तर: येईल. एप्रिलमध्ये तो काफिल्याबरोबर निघतो, त्याआधी मार्चमध्ये राजौरीला या. तंबू त्यालाच निवडू द्या.