मदत हवी आहे: स्पोर्ट्स कार्डांची ही भाषा कुणाला कळते का? (अर्जंट)

परभणी_८४
नमस्कार. खालचा मेसेज आलाय, अर्थ सांगा. रात्रीपर्यंत हो-नाही कळवायचंय, नाहीतर दुसरा गिऱ्हाईक तयार आहे म्हणतोय.
"एफएस लुका प्रिझम सिल्व्हर आरसी पीएसए ९. लो पॉप. कॉम्प्सच्या खाली, ११के ओबीओ. नो एफटी. पीडब्ल्यूई शिपिंग."
गूगलवर आरसी टाकलं तर आरटीओ उघडतंय. उपदेश नको, फक्त अर्थ.

लातूरकर काका
लुका कोण? क्रिकेटमध्ये तर ऐकला नाही. आमच्या वेळी बिग फनच्या च्युइंगगममध्ये खेळाडूंची कार्डं यायची, त्यावर कसली आद्याक्षरं नव्हती. पोरं च्युइंगगम फेकून द्यायची आणि कार्ड ठेवायची.

गोदाकाठ
खेळ नाही, वर्ष नाही, फोटो नाही. विकणारा कोण, कुठला, पैसे कसे मागतोय हे पण नाही. कसं सांगायचं?

परभणी_८४
लुका म्हणजे लुका डॉन्चिच, बास्केटबॉल. सगळ्या जगाला माहीत आहे. वर्ष २०१८. भाच्यासाठी घ्यायलो. आता तरी सांगा.

सई_नांदेड
दादा, सांगते. एफएस म्हणजे विकायला आहे, एफटी म्हणजे अदलाबदलीला. त्याला अदलाबदल नको, रोख हवी. आरसी म्हणजे रुकी कार्ड, खेळाडूच्या पहिल्या मोसमातलं. लुकाचा तो मोसम २०१८-१९, म्हणून वर्ष जुळतं. प्रिझम हा पनिनी या कार्ड छापणाऱ्या कंपनीचा संच. साध्या कार्डाला बेस म्हणतात, आणि तेच चित्र वेगळ्या चकाकीत छापलं की पॅरलल. सिल्व्हर हे त्यातलंच एक. बेस आणि सिल्व्हरच्या भावात बरंच अंतर असतं, म्हणून नुसत्या शब्दावर जाऊ नका. सिल्व्हर असेल तर मागच्या बाजूला प्रिझम असं छापलेलं असतं, बेसवर नसतं.

पीएसए ही कार्ड तपासून १ ते १० गुण देणारी अमेरिकन कंपनी. १० म्हणजे जेम मिंट, ९ म्हणजे मिंट. गुण दिलेलं कार्ड प्लास्टिकच्या बंद डबीत येतं, तिला स्लॅब म्हणतात. डबीत नसलेलं ते रॉ. पॉप म्हणजे त्या ग्रेडची (गुणाची) किती कार्डं आजवर निघाली तो आकडा. तो पीएसएच्या साइटवर दिसतो, त्यामुळे "लो" आहे की नाही ते तुम्हीच बघा. कॉम्प्स म्हणजे तसलीच कार्डं अलीकडे प्रत्यक्षात कितीला विकली गेली ते. मागितलेला भाव कॉम्प्समध्ये धरत नाहीत. ओबीओ म्हणजे घासाघीस चालेल.

बंद_पाकीट
पीएसएच्या नादी कामून लागता? बीजीएस घ्या. ती पण पीएसएसारखीच गुण देणारी कंपनी. सेंटरिंग (चित्र मधोमध आहे का), कोपरे, कडा, पृष्ठभाग, चारही गुण वेगळे छापून देतात. पीएसए एकच आकडा देऊन मोकळं होतं.

गोदाकाठ
यांनी काय घ्यावं हे विचारलंय का? आणि विकताना पीएसएला जास्त गिऱ्हाईक मिळतं, हे तुम्हालाही माहीत आहे.

बंद_पाकीट
चारही १० आले तर बीजीएसचं ब्लॅक लेबल मिळतं. ते पीएसए १० ला मागं टाकतं.

गोदाकाठ
इथं ९ ची गोष्ट चालू आहे, राव.

लातूरकर काका
२०२२ मध्ये मिकी मँटलचं १९५२ चं टॉप्स कंपनीचं कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. रुपयांत १०० कोटी! बेसबॉलचा खेळाडू. आणि आम्ही आमची बिग फनची कार्डं सायकलच्या तारांत अडकवून फटफट आवाज काढायचो.

बंद_पाकीट
काका, ते कार्ड एसजीसीनं, म्हणजे आणखी एका गुण देणाऱ्या कंपनीनं, ग्रेड केलेलं होतं. पीएसए नाही.

मुक्काम_वसमत
परदेशातून मागवताय तर पार्सलवर गिफ्ट लिहायला सांगा, कस्टम लागत नाही.

सई_नांदेड
असं करू नका. ५,००० रुपयांच्या आतल्या भेटवस्तूंची सूट २०१९ च्या डिसेंबरात गेली. राख्या आणि जीवरक्षक औषधं तेवढी राहिली.

परभणी_८४
अहो, माणूस पुण्याचा आहे! अमेरिका कुठून आली? पीडब्ल्यूईचं कुणीच सांगितलं नाही. यूपीआयनं पूर्ण रक्कम आधी मागतोय.

गोदाकाठ
हे पहिल्याच पोस्टीत लिहायचं ना.
पीडब्ल्यूई म्हणजे साधं पांढरं पाकीट, ट्रॅकिंग नसलेलं. दहा-वीस रुपयांचं रॉ कार्ड तसं पाठवतात. स्लॅब कुणी पाकिटात टाकतं का? तो जाड असतो आणि फुटतोही. एकतर त्याला शब्दाचा अर्थ माहीत नाही, नाहीतर पाठवायचंच नाही. यूपीआयनं पैसे गेले की गेले. डबीवर सर्टिफिकेट नंबर असतो, तो मागा आणि पीएसएच्या साइटवर टाका. नंबर खरा निघाला तरी थांबा, कारण खऱ्या नंबरच्या नकली डब्या बनतात. कार्डाशेजारी आजची तारीख आणि त्याचं नाव हातानं लिहिलेला कागद ठेवून ताजा फोटो मागा.

मुक्काम_वसमत
११ हजारांत सोयाबीनचं बियाणं आलं असतं.

परभणी_८४
बियाणं झालंय घेऊन. फोटो आला, कागद आणि तारीख बरोबर आहे. नंबरही जुळला, सिल्व्हरच आहे. रजिस्टर्ड पार्सलनं पाठवायला तयार झाला. लेबलवर ९ च्या पुढं ओसी लिहिलंय, ते दुकानाचं काहीतरी असेल म्हणून मी पहिल्यांदा लिहिलं नव्हतं.

सई_नांदेड
दादा!! ते दुकानाचं नाही. ओसी म्हणजे ऑफ सेंटर. चित्र छापताना एका बाजूला सरकलंय, चारी बाजूंची पट्टी सारखी नाही. पीएसएच्या ९ साठी पुढची बाजू साधारण ६०/४० च्या आत (समोरासमोरच्या पट्ट्यांचं प्रमाण) लागते. तुमचं कार्ड बाकी सगळ्यात ९ आहे पण मध्याला नापास, म्हणून शेपूट लागलं. गिऱ्हाईक अशा ९ ला दोन ग्रेड खालचं, म्हणजे ७ च्या आसपासचं धरून भाव करतात. त्याने मेसेजात नुसतं ९ लिहिलं आणि कॉम्प्स बहुतेक साध्या ९ चे लावले.

बंद_पाकीट
नव्या कार्डावर ओसी क्वचितच दिसतं. पाठवणारे फॉर्मवरच क्वालिफायर (ओसीसारखं शेपूट) नको म्हणून कळवतात, मग थेट कमी ग्रेड मिळते. तरी म्हणत होतो, बीजीएस घ्या.

परभणी_८४
त्याला विचारलं. म्हणतो, "ओसी आहे, पण आय अपील एकदम भारी." म्हणजे?

गोदाकाठ
म्हणजे बघायला छान दिसतं. आकडा अंगावर आला की विकणारे याच शब्दाच्या आड लपतात.

परभणी_८४
भाच्याला फोटो दाखवला. त्याला सिल्व्हरही नको, स्लॅबही नको, लुकाच्या तेव्हाच्या डॅलस संघाच्या जर्सीतलं रुकी पाहिजे, बस्स. मीच उगं सिल्व्हर धरून बसलेलो. पुणेवाल्याला "नाही" म्हणून कळवलं. रॉ बेस घेतलं तर काय बघायचं?

सई_नांदेड
बेसचा नंबर २८० आहे का ते मागच्या बाजूला बघा. कोपरे आणि कडांचे जवळून फोटो मागा. पृष्ठभागावर उजेड तिरका पाडून काढलेला एक फोटो हवा, ओरखडे त्यातच दिसतात. आल्यावर आधी मऊ स्लीव्हमध्ये (पातळ प्लास्टिकची पिशवी) आणि मग टॉपलोडरमध्ये (कडक प्लास्टिकचं पाकीट) घाला. पत्र्याच्या खोलीत ठेवू नका, मे महिन्यात वाकेल.