‘फाइट ऑर फ्लाइट’ला मराठीत काय म्हणावं?

अळूवडी (गुहागर): सर्पदंशाच्या प्रथमोपचारावर गावासाठी पत्रक काढतोय, मराठी करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. फुरसं चावलं की विष भिनायच्या आधीच माणूस धसक्याने घामेजतो, तोंडाला कोरड पडते, छाती धडधडते. मूळ मजकुरात याला ‘फाइट ऑर फ्लाइट रिस्पॉन्स’ म्हटलंय. मी ‘लढा किंवा पळा प्रतिसाद’ लिहिलं. सासूबाई वाचून म्हणाल्या, “साप चावलेल्याला पळायला कसली सांगतेस?” बरोबरच आहे त्यांचं, त्याने तर हलायचंही नसतं. काय लिहू?

शब्दवेल्हाळ: ‘संग्राम-पलायन प्रतिक्रिया’. आज्ञार्थ गेला, आक्षेप मिटला. आणि भीतीत रक्तात जे द्रव्य सुटतं, त्याला ‘ॲड्रिनलिन’ कृपया नको, ‘अधिवृक्क स्राव’ म्हणा.

चिपळूणचा: वेल्हाळकाका, वाडीत ‘वृक्क’ विचारलंत तर लोक वृक्ष समजून फणस दाखवतील.

शब्दवेल्हाळ: अधि म्हणजे वर, वृक्क म्हणजे मूत्रपिंड. तो स्रवणारी ग्रंथी मूत्रपिंडावर टोपीसारखी बसते. ‘ॲड्रिनल’ हा लॅटिन शब्दही तोच पत्ता सांगतो, फक्त तो तुम्हाला पाठ झालाय.

चिपळूणचा: असेल. पण संग्राम नि पलायन, दोन्ही खोटं. घाटातल्या वळणावर एकदा स्कूटरसमोर वाघ (तुमच्या भाषेत बिबट्या) बसलेला. मी लढलो नाही, पळालो नाही, हॉर्नवरचा अंगठासुद्धा दाबेना. थिजलो. ते कुठे बसवता?

सोलकढी: आमच्या मालवणात नुसता ‘भियालंय’ म्हटला की झाला. प्रतिक्रिया कसली नि काय!

महाडकर: ‘हातपाय गार पडणे’ घ्या की, तो निव्वळ अलंकार नाही. आमच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशावर जे काम केलं (१९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलंय), त्यात गार पडलेले हातपाय हे नीट नोंदलेलं लक्षण आहे. तांबड्या विंचवाच्या विषाने ॲड्रिनलिन आणि त्याचं भावंड नॉरॲड्रिनलिन रक्तात एकदम सुटतं. म्हणजे भीतीत जे थोडा वेळ होतं, तेच इथे आवरत नाही: कातडीखालच्या रक्तवाहिन्या आवळतात, घाम फुटतो, रक्तदाब चढतो, पुढे फुप्फुसात पाणी. त्यांनी वापरलेली प्राझोसिन ही मुळात रक्तदाबाची गोळी, ती आवळलेल्या वाहिन्या सैल करते. आजी ‘गार पडला रे’ म्हणायची ते शंभर टक्के शास्त्रीय होतं.

अळूवडी: महाडकर, हे छानच. पण पत्रक सापाचं आहे हो, आणि सोमवारी छपाईला जातंय.

चिपळूणचा: ‘पोटात गोळा येणे’सुद्धा चालेल. ‘फाइट ऑर फ्लाइट’ ज्या वॉल्टर कॅनन या अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञाच्या नावावर आहे, त्याने १९१५ च्या पुस्तकात हे सगळं मांडलं. त्याच्या कितीतरी आधी त्याला क्ष-किरणांखाली दिसलं होतं की मांजर बिथरलं की त्याच्या जठराची हालचाल थांबते.

सोलकढी: मग ‘धाबे दणाणणे’ का नको?

शब्दवेल्हाळ: कारण धाबं म्हणजे मातीचं सपाट छप्पर, ते देशावर. कोकणात उतरती कौलं. इथे दणाणणार काय?

सोलकढी: म्हणजे आम्ही भियाचा पण घाटावरून परवानगी घेऊन?

शब्दवेल्हाळ: प्रत्येक शब्दाला मुळं असतात एवढंच म्हणतोय. ‘पाचावर धारण बसणे’ घ्या. धारण म्हणजे धान्याचा भाव. रुपयाला पाच शेर इतकी महागाई झाली की लोकांची गाळण उडायची.

महाडकर: आमचे मास्तर पाच म्हणजे पंचप्राण सांगायचे. भीतीने प्राण अडतात, ती धारण. भयाच्या वाक्प्रचारात बाजारभाव कशाला येईल?

शब्दवेल्हाळ: दुष्काळाचं भय भय नव्हे? आणि प्राणांवर धारण ‘बसते’ कशी, हे मास्तरांनी सांगितलं का?

चिपळूणचा: पाच शेर हे तुमच्याकडे कुठून आलं? आमच्या घरी पाच पायली ऐकलंय.