संस्थेत काम माझं, सही त्यांची. विश्वस्तपद घ्यावं का?

कार्बनकॉपी

नमस्कार. जरा लांबलचक होईल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

एका सामाजिक संस्थेत मी अकरा वर्षं काम करते. अर्ध्यात शाळा सुटलेल्या मुलींना आणि बायकांना पुन्हा शिकतं करायचं, आपल्या पायावर उभं करायचं, हे संस्थेचं काम. पगारी माणसं चौदा, त्यांतल्या अकरा बायका. विश्वस्त सात, त्यांतले सहा पुरुष. सातव्या बाई संस्थापकांच्या पत्नी. त्या बैठकीला येतात, पण बोलत नाहीत.

माझं पद 'कार्यक्रम समन्वयक'. म्हणजे प्रस्ताव लिहायचे, अहवाल लिहायचे, नव्या स्वयंसेवकांना तयार करायचं, कुणी रुसलं तर समजूत काढायची, निरोप समारंभाचं भाषण लिहून द्यायचं आणि बैठकीचं इतिवृत्तही लिहायचं. चेकवर सही मात्र अध्यक्षांची किंवा सचिवांची.

मागच्या वर्षी सत्र उद्यावर आलं आणि छापखान्याने पैसे मिळाल्याशिवाय पुस्तिका सोडायला नकार दिला. अध्यक्ष आजारी, सचिव प्रवासात. मी खिशातून पैसे भरले. ते परत मिळायला दोन महिने लागले, कारण पूर्वमंजुरी नव्हती. त्याच आठवड्यात मी वर्गात 'पैशाचे निर्णय' हा पाठ घेत होते. त्यात एक सराव असतो: महिन्याच्या खर्चाची यादी करायची आणि प्रत्येक ओळीपुढे 'ठरवलं कुणी' ते लिहायचं. मागच्या बाकावरची एक जण म्हणाली, "ताई, आमचं झालं, आता तुमच्या ऑफिसचं लिहा." मी हौसेने लिहायला घेतलं. सात ओळी झाल्या, आणि सातही ओळींपुढे 'सर'. वर्ग हसला, मीही हसले. फळा मात्र पुसायला नको वाटला.

आता मुद्दा. आमचे संचालक निवृत्त होत आहेत. जाहिरात नाही, मुलाखती नाहीत, बाहेरून एक गृहस्थ आणायचं घाटतंय. चांगले असतील, माझं त्यांच्याशी वैर नाही. पण मला कुणी विचारलंसुद्धा नाही. उलट अध्यक्षांनी बोलावून सांगितलं, "तुम्ही तर घरच्याच. तुम्हाला विश्वस्त मंडळावर घेतो. देणगीदार हल्ली विचारतात, मंडळावर बायका किती."

घ्यावं का? की हेही इतिवृत्त लिहिण्यासारखंच, फक्त खुर्ची बदललेली?

---

जुना खजिनदार

ताई, एका संस्थेचा मी सोळा वर्षं खजिनदार होतो, त्यामुळे टेबलाच्या त्या बाजूने सांगतो.

आधी संस्थेची घटना काढून वाचा. 'विश्वस्तास मानधन' हे कलम शोधा. पुष्कळ संस्थांच्या घटनेत विश्वस्ताने संस्थेकडून पगार घेऊ नये असं स्पष्ट लिहिलेलं असतं. कारण रास्त आहे. कारभारावर देखरेख ठेवणारा आणि त्याच कारभारातून पगार घेणारा एकच माणूस नसावा. पण तुमच्या बाबतीत त्याचा अर्थ काय होतो तो पाहा. विश्वस्त झालात की नोकरी सोडा, नाहीतर काम तेच करा आणि फुकट करा. अध्यक्षांनी हे सांगितलं का? सांगितलं नसेल तर कदाचित त्यांच्याही लक्षात आलं नसेल. माणसं दर वेळी कपटी असतात असं नाही, पुष्कळदा आळशी असतात.

दुसरं, पगार कुठल्या पैशातून येतो ते बघा. प्रकल्पाचे पैसे प्रकल्पापुरते असतात, तीन वर्षं संपली की संपले. संस्थेचा स्वतःचा निधी असतो तो वेगळा. आमच्याकडे संचालक आणि हिशेबनीस मूळ निधीवर होते, ते कायम. वर्गावर जाणाऱ्या सगळ्या बायका प्रकल्पावर. दर तीन वर्षांनी त्यांची नेमणूक नवी, म्हणून ज्येष्ठताही नवी. कागदावर कुणीच भेदभाव केलेला नव्हता. मीच तो अंदाजपत्रकाचा तक्ता बनवायचो, आणि सोळा वर्षांत एकदाही तो तक्ता मी बायका-पुरुष अशा नजरेने वाचला नाही. आता सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

तिसरं, सहीचं. हे सगळ्यात सोपं आहे आणि मागायला कुणी जात नाही. एक ठराव करून घ्यायचा: अमुक रकमेपर्यंतचा मंजूर अंदाजपत्रकातला खर्च कार्यक्रम समन्वयकाच्या सहीने होईल, त्यावरचा दोन सह्यांनी. बँकेत ठरावाची प्रत आणि नमुना सही द्यायची. लेखापरीक्षकाची त्याला हरकत नसते. उलट एकाच माणसाच्या सहीवर सगळं अडलेलं असलं की त्यालाच काळजी वाटते.

---

पायरी क्रमांक तीन

इतिवृत्त लिहिणं बंद करा. आजपासून.

गंमत नाही करत. लिहिणाऱ्याला बोलता येत नाही. दुसऱ्याचं वाक्य संपेपर्यंत तुमची मान खाली, आणि मान वर करेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो.

यावर लिंडा बॅबकॉक आणि त्यांच्या सहकारी संशोधकांचा 2017 मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. तीन-तीन जणांचे गट. दोन मिनिटांत कुणीतरी एकाने बटण दाबायचं. दाबलं तर तिघांचाही फायदा, पण दाबणाऱ्याचा सगळ्यात कमी. मिश्र गटांत बायकांनी जास्त वेळा बटण दाबलं. म्हणजे बायका मुळातच सोशिक, असं म्हणायचं का? तर नाही. सगळे पुरुष असलेला गट केला की तेही मुकाट दाबतात, आणि मग स्त्री-पुरुषांत फरक उरत नाही. खोलीत बाई आहे म्हटलं की बाकीचे वाट बघत बसतात, इतकंच. आणि हे काम कुणाला सांगायचं असं विचारलं, तेव्हा पुरुषांनी आणि बायकांनीही बाईकडेच बोट दाखवलं. हे शेवटचं मला जास्त लागलं, कारण स्वयंसेवकांच्या याद्या मी करते आणि नोंदणीच्या टेबलावर दर वेळी मुलीच बसवते. मुलगे तंबू ठोकायला, मुली नाव-पत्ता लिहायला. कुणी सांगितलं होतं मला?

आम्ही आता इतिवृत्त पाळीपाळीने लिहितो, आडनावाच्या अक्षरक्रमाने. पहिल्या चार बैठकांची इतिवृत्तं भयाण होती. एकाने तर नुसतं 'चर्चा झाली' एवढंच लिहिलं. चालतं.

---

सरळमार्गी

मला हा सूरच पटत नाही. समाजसेवेत पद आणि सही कशाला हवी? काम बोलतं. आपण सेवाभावाने आलो ना?

---

कार्बनकॉपी

सरळमार्गी, सेवाभाव आहे म्हणून तर अकरा वर्षं टिकले. पण एक विचारू? आमच्या अध्यक्षांनाही सेवाभाव आहे, आणि तरी त्यांच्याकडे सही आहे. सेवा आणि सही यांतलं एकच निवडा, असं त्यांना कधी कुणी सांगितल्याचं मी लिहिलेल्या इतिवृत्तात तरी नाही.

खजिनदारकाका, घटना काढली. कलम आहे. अगदी तुम्ही म्हणालात तसंच, 'कोणत्याही विश्वस्तास वेतन अगर मानधन देय असणार नाही'. अकरा वर्षं ही फाईल माझ्याच कपाटात आहे. शिवाय 'मानधन' या शब्दाचीच गंमत वाटते. आमच्या शिक्षिकांना मानधन, हिशेबनिसाला वेतन. काम दोघांचं पूर्णवेळ.

---

काचेचा कडा

मी यातून गेले आहे, म्हणून लिहिते.

माझं झालं ते असं की मला संचालकपद मिळालं. हार, टाळ्या, फोटो. तिसऱ्या दिवशी कळलं की मोठा निधी चार महिन्यांत संपतोय आणि दोन वर्षांचं लेखापरीक्षण रखडलंय. आधीच्या तिघांनी हात वर केल्यावर मंडळाला 'आता स्त्रीला संधी द्यावी' असं सुचलं होतं. मिशेल रायन आणि अलेक्झांडर हॅस्लम या संशोधकांनी 2005 मध्ये याला नाव दिलं. काचेचं छत, म्हणजे बायकांना वर जाऊ न देणारा न दिसणारा अडथळा, सगळ्यांना माहीत असतं, त्यांनी काचेचा कडा म्हटलं. वर पोचता खरं, पण तिथून पुढे दरी. संस्था अडचणीत असते तेव्हा बाईचं नाव पुढे येण्याची शक्यता जास्त. मी ते वाचलं तेव्हा कड्यावरून पडून झालं होतं. टोपणनाव तिथूनच घेतलं.

म्हणून पद विश्वस्ताचं असो की संचालकाचं, हो म्हणण्याआधी मागच्या तीन वर्षांचे ताळेबंद मागा आणि कुठला निधी कधी संपतो त्या तारखा मागा. 'घरच्याच' माणसाला ते दाखवायला काय हरकत?

आणि 'एवढी मोठी कामं करणाऱ्या संस्थांत हे असं नसेल' असा समज असेल तर सोडून द्या. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समिती 1863 ची. पहिल्या महायुद्धात युद्धकैद्यांची माहिती जुळवायच्या कचेरीत बायका ढिगाने काम करत होत्या. समितीवर पहिली स्त्री सदस्य आली 1918 मध्ये, मार्गेरिट क्रॅमर. त्या स्वतः त्या कचेरीच्या कामात होत्या. आणि पहिली स्त्री अध्यक्ष? मिर्याना स्पोल्यारिच, ऑक्टोबर 2022. म्हणजे 159 वर्षं. ॲम्नेस्टी 1961 ची, आयरीन खान पहिल्या स्त्री सरचिटणीस झाल्या 2001 मध्ये. माणसाच्या हक्कांसाठी भांडणाऱ्यांनाही चाळीस वर्षं लागली. तुमच्या अध्यक्षांना एकट्यांना दोष देऊ नका, पण सूटही देऊ नका.

जाता जाता, इथे कुणी बोललं नाही म्हणून. तुमच्याकडे स्वयंसेविका असतील तर छळाच्या तक्रारीच्या नियमावलीत त्यांचा उल्लेख आहे का ते बघा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 2019 चा 190 क्रमांकाचा करार कामाच्या जागेवरच्या हिंसेबद्दल आणि छळाबद्दल आहे, त्यात स्वयंसेवक आणि प्रशिक्षणार्थी नाव घेऊन धरले आहेत. आमच्या नियमावलीत फक्त 'कर्मचारी' होतं. एक मुलगी तक्रार घेऊन आली तेव्हा पहिला प्रश्न तिला विचारला गेला तो 'पण तू कर्मचारी कुठेस?' हा. विचारणारी मीच होते. नियम वाचून दाखवत होते.

---

पायरी क्रमांक तीन

काचेचा कडा, शेवटच्या दोन वाक्यांसाठी नमस्कार. असं सहसा कुणी लिहीत नाही.

कार्बनकॉपी, बैठकीचं काय झालं ते सांगायला या.

---

कार्बनकॉपी

आले. काल बैठक झाली.

सुरुवातीलाच इतिवृत्ताची वही उचलली आणि डावीकडे बसलेल्या विश्वस्तांपुढे सरकवली. म्हणाले, "माझं अक्षर वाईट आहे." म्हटलं, माझंही अकरा वर्षांपूर्वी वाईटच होतं. कुणीतरी हसलं आणि त्यांना पेन उघडावं लागलं. वीस मिनिटांत दोनदा त्यांनी "जरा हळू" म्हटलं. अध्यक्षांना हळू बोलायला सांगितलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

विश्वस्तपद नको म्हणून सांगितलं. कलमाचा क्रमांकही सांगितला. अध्यक्ष खरंच चकित झाले, काका, तुमचा अंदाज बरोबर होता. मग संचालकपदाची जाहिरात द्यावी, तीत वेतन लिहावं आणि मी अर्ज करणार आहे, असं एका दमात बोलून टाकलं. बराच वेळ शांतता. आणि कधी नव्हे त्या सातव्या बाई बोलल्या: "जाहिरात द्यायला काय जातं?" एवढंच. पण त्यावर 'नाही' म्हणायला कुणी तयार होईना. जाहिरात निघणार. गृहस्थही अर्ज करतील, करू देत.

सहीचा ठराव झाला. रक्कम मी मागितली त्याच्या निम्मी ठेवली, पण छापखान्याचं बिल त्यात बसतं. ताळेबंद 'पुढच्या वेळी' दाखवतो म्हणाले. स्वयंसेविकांच्या नियमावलीपर्यंत पोचलोच नाही, वेळ संपला.

आज वही परत माझ्या टेबलावर आली, कपाटात ठेवायला. अक्षर खरंच वाईट आहे. सहीच्या ठरावापुढे अनुमोदक म्हणून एकाचं नाव आहे. ठराव मांडला मी, आणि सूचकाची जागा कोरी. मी विश्वस्त नाही, त्यामुळे सूचक म्हणून माझं नाव घालता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. काका, कर्मचाऱ्याने मांडलेला ठराव इतिवृत्तात कसा नोंदवतात? पुढच्या बैठकीत ते कायम होण्याआधी मला ती ओळ भरून घ्यायची आहे.

---

जुना खजिनदार

'कार्यक्रम समन्वयक यांनी सादर केलेल्या टिपणावरून' असं आधी लिहायचं, सूचक म्हणून कुणा विश्वस्ताचं नाव त्यानंतर. टिपण कागदावर, तारखेसह, तुमच्या सहीने जोडा. सूचक म्हणून त्या सातव्या बाईंना विचारून बघा.