हॅम रेडिओ: स्लॅबवर जागा कमी, ४० मीटर बँडसाठी अँटेना कोणता बांधावा?

वडगावकर
नमस्कार मंडळी. घर बेळगावात, वडगावच्या बाजूला. बैठ्या घरावर स्लॅब, ९ बाय १४ मीटर. परसात एक माड. हॅम रेडिओचा परवाना हातात आलाय. रोजचं काम ४० मीटर बँडवर (७ मेगाहर्ट्झच्या आसपास) कोल्हापूर, पुणे, हुबळीशी बोलणं. जमलं तर २० मीटरवर लांबचं आणि २ मीटरवर गावातलं. तयार मल्टीबँड व्हर्टिकल (अनेक बँडचा उभा अँटेना) घ्यावा की तार बांधावी? खोलीपासून अँटेनापर्यंत केबल २० मीटर लागेल. शेजारी यंत्रमाग आहेत, त्यांचा आवाज रेडिओत येईल का?

खानापूरकर
व्हर्टिकल नको. त्याचा जोर क्षितिजाकडे असतो. कोल्हापूर-पुणे गाठायचं तर सिग्नल जवळजवळ सरळ वर जाऊन खाली यायला हवा, आणि ते काम कमी उंचीवरची आडवी तार चांगलं करते. इन्व्हर्टेड व्ही बांधा, म्हणजे मध्ये उंच आणि दोन्ही बाजूंना उतरती तार. रात्री जवळची स्टेशनं ऐकू आली नाहीत तर अँटेनाला दोष देऊ नका, तेव्हा सिग्नल परत पाठवणारा वरचा थर, आयनोस्फिअरच विरळ झालेला असतो.

तारेच्या एकूण लांबीचा हिशोब असा: १४३ भागिले मेगाहर्ट्झ. ७.१ साठी २०.१४ मीटर, म्हणजे प्रत्येक बाजू १०.०७. कापताना मात्र १०.३० ठेवा, कापलेली तार वाढत नाही. पीव्हीसी आवरणाची वायरिंगची तार असेल तर शेवटी दोन-चार टक्के कमीच भरेल.

स्लॅबचा कर्ण साधारण १६.६ मीटर. मधोमध ६ मीटरचा जीआय पाईप, कोपऱ्यांत ३ मीटरचे बांबू. प्रत्येक बाजूची पावणेनऊ मीटरच्या वर तार कोपऱ्यापर्यंत संपते. उरलेली सव्वा-दीड मीटर कठड्याला समांतर, त्याच उंचीवर वळवा. खाली लोंबती सोडू नका. टोकाला व्होल्टेज सगळ्यात जास्त असतं, कपडे वाळत घालणाऱ्याचा हात भाजेल. पाईपच्या माथ्यावर कप्पी लावाच, नाहीतर दर कापणीला पाईप आडवा करावा लागेल.

तार वर ओढून एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते त्याचं माप) कुठल्या मेगाहर्ट्झला सर्वात कमी येतो ते बघा. समजा २०.६० मीटरला तो ६.९५ वर आला, तर हवी ती लांबी २०.६० गुणिले ६.९५ भागिले ७.१, म्हणजे २०.१७. प्रत्येक बाजूने २१-२२ सेंटीमीटर कमी. एकदम सगळं न कापता आधी टोक दुमडून स्वतःवर पीळ द्या, मग कापा. स्लॅबमधल्या सळ्यांमुळे पुस्तकातली लांबी जशीच्या तशी जमत नाही.

२० मीटरसाठी त्याच फीड पॉइंटला (केबल तारेला जोडते ती जागा) ५.०५ मीटरच्या दोन बाजू जोडा, टोकं मोठ्या तारेपासून लांब फाकवून. आधी ४० जमवा, मग २०. फीड पॉइंटला एकास-एक बलून (balun, केबलच्या आवरणावरून वाहणारा करंट अडवणारा) हवा: एफटी २४०-४३ फेराइट रिंगवर आरजी-५८ या बारीक केबलचे १० ते १२ वेढे.

निपाणीकर
वरचं बरोबर, पण मध्ये खांब नको असेल तर एंड-फेड बघा, म्हणजे एका टोकाला केबल जोडलेली तार. २० मीटर तार, एक टोक स्लॅबच्या कोपऱ्यात, दुसरं माडाला. ४९:१ ट्रान्सफॉर्मर: त्याच रिंगवर प्रायमरी २ वेढे, सेकंडरी १४, प्रायमरीवर १०० पिकोफॅरडचा हाय-व्होल्टेज कपॅसिटर. ४०, २०, १५, १० चारही मिळतात. गोम एकच: केबलचं आवरणच अँटेनाचा भाग होऊन बसतं, घरातला आवाज त्यातून चढतो. दोन मीटरभर काउंटरपॉइज (ट्रान्सफॉर्मरला जोडलेली जादा तार) आणि रेडिओजवळ एक चोक (आवरणावरचा करंट अडवणारे केबलचे वेढे) लावल्याशिवाय बांधू नका. माड वाऱ्याने हलतो, म्हणून दोरी कप्पीवरून नेऊन खाली वजन बांधा.

केबलवर मात्र काटकसर करू नका. ४० मीटरवर आरजी-५८ ची २० मीटर चालून जाते, एक डीबीही (डेसिबल, सिग्नल घटल्याचं माप) जात नाही. १४५ मेगाहर्ट्झवर तीच केबल साडेतीन-पावणेचार डीबी खाते, निम्म्याहून जास्त पॉवर वाटेतच. तिथे जाड आरजी-२१३ घ्या. २ मीटरचा अँटेना घरी होतो: मध्ये ४९ सेंटीमीटर उभी काडी, खाली ५१ च्या चार, ४५ अंशांत खाली वाकवलेल्या.

वडगावकर
मग व्हीच करतो. यंत्रमागाचं आणि पावसाचं राहिलं.

खानापूरकर
यंत्रमागाच्या साध्या मोटारीपेक्षा घरातले स्वस्त एलईडी ड्रायव्हर आणि मोबाईल चार्जर जास्त कटकट करतात. रेडिओ बॅटरीवर चालवा, घरचा मेन स्विच पाडा आणि ऐका. आवाज गेला तर चोर घरातच आहे. राहिला तरच शेजारी जा; मोटारीला व्हीएफडी (वेग बदलणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह) असेल तर संशय रास्त.

पावसाचं गंभीर आहे, आपल्याकडे जूनपासून केबलच्या तोंडात पाणी शिरतं. प्लगवर आधी साधा टेप, त्यावर सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप, मग पुन्हा साधा. केबल भिंतीत शिरण्याआधी खाली झोळ द्या, पाणी तिथूनच टपकेल. फसवणूक अशी की भिजलेल्या केबलचा एसडब्ल्यूआर उलट चांगला दिसतो, कारण परत येणारी पॉवरही ती खाते. दर पावसाळ्यानंतर वॅटमीटर दोन्ही टोकांना लावून बघा.

वळवाच्या दिवसांत, एप्रिल-मेत, ढग दिसले की केबल रेडिओतून काढून घराबाहेर ठेवा. लाइटनिंग अरेस्टर आहे म्हणून जोडलेली सोडू नका. पाईपचं अर्थिंग घराच्या अर्थिंगला जोडलेलं हवं, दोन वेगळी नकोत. जांभ्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंग कोरडं पडतं, खड्ड्यात पाणी घालत राहा.

निपाणीकर
आणि गल्लीतली विजेची लाइन. पाईप पडला तर तारांपर्यंत पोचणार नाही एवढं अंतर, पाईपच्या उंचीच्या दीडपट तरी. तेवढी जागा नसेल तर पाईप ४ मीटरचा करा. ४० वर जवळचं बोलणं त्याने फारसं बिघडत नाही.