अधिकाचं वाण आणि मेपलची पानं

‘आजोळ’ ग्रुप, जानेवारी २०२६ मधला एक रविवार

अण्णा: दोघांचाही व्हिसा आला. आता कॅनडाला कधी यायचं ते आजच ठरवा, रोज रोज तोच विषय नको. मी मे म्हणतो. माईचंही मेच म्हणणं आहे, पण तिचं कारण वेगळं.

माई: यंदा अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. जुईच्या लग्नानंतरचा पहिलाच अधिक. निखिलरावांना वाण नको का द्यायला? तेहतीस अनारसे, ताम्हन, दिवा. माझं सगळं ठरलंय.

शरदमामा: अहो, कॅनडा म्हणजे बर्फ! एवढे पैसे घालून जायचं आणि बर्फ न बघता परत यायचं? फेब्रुवारीत जा सरळ.

जुई: मामा, आत्ता इथे टोरांटोकडे उणे १४ आहे. बर्फ पडताना छान दिसतो, अर्धा तास. मग तो फावड्याने उपसावा लागतो. आज सकाळी कचऱ्याचा डबा रस्त्यापर्यंत नेऊन ठेवला. अंतर किती, तर आपल्या अंगणाएवढं. त्यासाठी थर्मल, स्वेटर, जाकीट, कानटोपी, हातमोजे, बूट. चढवायला सात मिनिटं, काम अर्ध्या मिनिटाचं. येताना पायऱ्यांवर मीठ टाकलं. भुसभुशीत बर्फाचं काही नाही, भीती असते ती काचेसारख्या पातळ थराची. दिसतच नाही तो, रस्ता नुसता ओला वाटतो. माईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वर्षच झालंय. त्यात पाचच्या सुमाराला दिवस मावळतो. आम्ही दोघं कामावर आणि हे दोघं दिवसभर खिडकीत.

शरदमामा: फोटोत तर सगळे हसत असतात.

जुई: फोटो काढून झाला की आत पळतात.

ओंकार (कॅल्गरी): मुळात ‘कॅनडाचं हवामान’ असं एक काही नाहीच. आत्ता व्हँकुव्हरला छत्री घेऊन फिरत असतील, तिथला हिवाळा पावसाचा. विनिपेगला रात्री उणे वीस-पंचवीस झालं तर कोणी बोलतही नाही. आणि आमच्याकडे चिनूक. रॉकीज पर्वतावरून उतरणारा कोरडा, गरम वारा. पहाटे उणे वीस आणि दुपारी शून्याच्या वर, असंही होतं. बऱ्याच जणांचं डोकं दुखतं त्याने. केरळ आणि लडाखसाठी मिळून एकच चांगला महिना सांगा, असं विचारल्यासारखं आहे हे.

अण्णा: भूगोल कळला. मे चालेल का ते सांगा.

जुई: अण्णा, मेमध्ये बघण्यासारखं म्हणाल तर ऑटवाची ट्युलिपची फुलं. आमच्यापासून गाडीने साडेचार-पाच तास. तुम्हाला त्याची गोष्ट आवडेल. दुसऱ्या महायुद्धात नेदरलँड्सची राजकन्या युलियाना ऑटवात आश्रयाला होती. १९४३ मध्ये तिला तिथे मुलगी झाली. बाळाला जन्माने कॅनडाचं नागरिकत्व लागू नये म्हणून हॉस्पिटलातल्या त्या खोल्या तेवढ्यापुरत्या कॅनडाच्या हद्दीबाहेरच्या ठरवल्या होत्या. युद्ध संपल्यावर, १९४५ मध्ये, नेदरलँड्सने आभार म्हणून ट्युलिपचे एक लाख कंद पाठवले. पण ते एक सोडलं तर मे अर्धवट महिना आहे. सुरुवातीला झाडं अजून खराट्यासारखीच. आणि जंगलात गेलात की काळ्या माश्या. कानामागे चावतात, रक्त काढतात. त्या जूनमध्येही असतात, मग डास येतात.

ओंकार (कॅल्गरी): रॉकीजमध्ये तर मेला येऊच नका. लेक लुईस मेअखेरपर्यंत गोठलेलंच असतं. मोरेन लेकचा रस्ता साधारण जूनमध्ये उघडतो. कॅलेंडरवरचा तो निळा रंगही लगेच येत नाही. हिमनदी खालचा खडक दळत सरकते, त्या दगडाचं पीठ वितळलेल्या पाण्याबरोबर तळ्यात उतरतं, तेव्हा कुठे पाणी तसं दिसतं. जूनअखेरीपासून पुढे.

माई: दगडाच्या पिठाचं राहू दे. माझ्या अनारशांचं काय?

नलूमावशी: मग जुलै-ऑगस्ट घ्या की. सगळे तेव्हाच जातात.

जुई: म्हणूनच नको, मावशी. शाळांना सुट्ट्या, तिकिटं महाग, नायगाऱ्याला मुंगी शिरायला जागा नाही. टोरांटोकडे पारा तिशीत जातो आणि हवा अशी चिकचिकीत, की माणूस कॅनडात आहे का दादरला ते कळू नये. दिवस मात्र मोठा, जूनअखेर-जुलैत नऊपर्यंत उजेड.

माई: मग सांजवात कधी लावतेस?

जुई: सातला. उन्हातच.

ओंकार (कॅल्गरी): आणि आमच्याकडे वणवे. २०२४ च्या जुलैत जॅस्पर गावाचा जवळजवळ तिसरा हिस्सा जळला. दरवर्षी एवढं होत नाही, पण धुराचा भरवसा नाही. चार दिवसांसाठी यायचं आणि डोंगरच दिसायचा नाही, हे माझ्या एका मित्राच्या आईवडिलांचं झालंय. माझ्या मते सप्टेंबर. तळी भरलेली, डास गेलेले. शेवटच्या दोन आठवड्यांत लार्चची झाडं सोनेरी होतात. दिसायला देवदारासारखी, पण यांची पानं पिवळी होऊन गळतात.

जुई: आणि सप्टेंबरच्या शेवटी नाहीतर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात अल्गोन्क्विनच्या जंगलात मेपल लाल होतात. अण्णा, मी पहिल्या वर्षी तुम्हाला पान पाठवलं होतं ना, ते तिथलं.

अण्णा: आहे. दासबोधात ठेवलंय.

माई: सप्टेंबरात गणपती आहेत. अधिकामुळे यंदा उशिरा, १४ तारखेला.

अण्णा: आपला दीड दिवसाचा. १५ ला विसर्जन, १७ ला निघू.

नलूमावशी: आणि पुढे पितृपक्ष! २७ सप्टेंबरपासून १० ऑक्टोबरपर्यंत. पक्षपंधरवड्यात कोणी फिरायला जातं का? दादांची तिथी आहे, ती कोण करणार?

अण्णा: तिथी धाकटा करेल, त्याच्याशी बोलणं झालंय. मी तिथे तर्पण करीन, काळे तीळ जुईकडे आहेत. आणि नलू, प्रवास पितृपक्षाच्या आधी होतोय. दादा स्वतः बदलीच्या गावी पंधरवड्यातच हजर झाले होते, आठवतं का?

नलूमावशी: त्यांना विचारून नव्हती केली बदली. 🙏 जा बाबांनो.

शरदमामा: म्हणजे बर्फ राहिलाच.

ओंकार (कॅल्गरी): नाही मामा. लेक लुईस ते जॅस्पर २३२ किलोमीटरचा रस्ता आहे, त्यावर अथाबास्का हिमनदी लागते. माणसाच्या उंचीच्या चाकांची बस थेट बर्फावर नेऊन सोडते. सप्टेंबरातही चालू असते. माईने कडेला उभं राहून बघायचं, अण्णांनी चालायचं.

जुई: मग क्रम असा. आधी ओंकारकडे आठवडाभर, लार्च आणि हिमनदी. मग आमच्याकडे, मेपल. उलटं केलं तर दोन्ही चुकतील. कॅल्गरी ते टोरांटो विमानाने चार तास, घड्याळ दोन तास पुढे. ओंकार, मोरेन लेकची शटल बस तू बघ. २०२३ पासून तिथे आपली गाडी नेता येत नाही. अल्गोन्क्विनचा गाडीचा पास मी काढते, शनिवार-रविवारचे संपतात. आपण मंगळवारी जाऊ. विमा इकडून निघायच्या आधीच काढा, अण्णा. तो विसरायचा नाही.

अण्णा: परत कधी?

जुई: दिवाळी करूनच जायचं. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. तोवर थंडी स्वेटरने भागेल अशी असते. फक्त १ नोव्हेंबरला घड्याळं तासभर मागे जातील, मग अंधार लवकर. त्या दिवसापासून नलूमावशीला फोन करताना साडेनऊऐवजी साडेदहा तासांचा हिशोब.

अण्णा: ठरलं. १७ सप्टेंबर, मुंबईहून दुबईमार्गे. तिकिटं बघतो.

माई: सगळं ठरलं, वाण सोडून. १५ जूनला अधिक संपतो.

निखिल: माई, मला दिवाळीत चालेल. 😄

माई: निखिलराव, दिवाळसण वेगळा आणि वाण वेगळं. ताम्हन आणि दिवा मी अधिकातच तुमच्या नावाने देवापुढे ठेवते, येताना घेऊन येते. अनारसेही करून आणीन, डब्यात महिनाभर टिकतात.

ओंकार (कॅल्गरी): आत्या, थांब. खसखस लावलेले अनारसे दुबईमार्गे आणू नकोस. तिथे खसखशीला बंदी आहे, सामानात सापडली तर मोठं लचांड होतं. सामान थेट पुढे जाणार असलं तरी नको.

माई: अगं बाई! खसखशीशिवाय अनारसा?

जुई: माई, इथे खसखस उघड मिळते, कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानात.

माई: मग पीठच घेऊन येते. तांदूळ तीन दिवस भिजवून, कुटून, गुळात मळून गोळा करून ठेवते. तिथे आल्यावर तळू. जुई, तुझी ती शेगडी काचेची आहे ना? तिच्यावर मंद आच ठेवता येते का, आधी ते बघून सांग.