लाल नाक पहिल्या दिवशी नकोच
क्लाऊन, म्हणजे रंगमंचावरचा विदूषक, शिकायचा तर पहिल्या तासालाच लाल नाक लावून उभं करा, असं काहीजण म्हणतात; ते मला पटत नाही. नाक चढलं की नवखा लगेच तोंडं वेडीवाकडी करतो आणि समोरचे थंड. फ्रेंच नाट्यशिक्षक झाक लकॉक यांनी १९५६ साली पॅरिसमध्ये काढलेल्या शाळेत आधी तटस्थ (कुठलाच भाव नसलेला) मुखवटा येतो, क्लाऊन दुसऱ्या वर्षाच्या शेवटाकडे. त्यांनी एकदा विद्यार्थ्यांना गोलात बसवून एकेकाला 'हसवून दाखवा' म्हटलं. कुणालाच जमेना. पण हिरमुसून जागेवर परतणाऱ्याला पाहून सगळे हसले! ती फजिती लपवायची नाही, एवढंच शिकायचं असतं, आणि तेच अवघड.

तालमीत आधी पंधरा मिनिटं विषामृत खेळा. धापा टाकणाऱ्याला 'अभिनय' सुचत नाही. मग एकाने विंगेतून यायचं, थांबायचं, प्रेक्षकांकडे बघायचं. दोन मिनिटं शब्द नाही. हशा आला तर तेच पुन्हा एकदा, तिसऱ्यांदा बहुधा पडतं. नाही आला तरी नजर प्रेक्षकांवरच. नवखे नेमके इथे जमिनीकडे बघतात आणि धागा तुटतो. मग शिकवणाऱ्याने लगेच 'आत जा, पुन्हा ये' म्हणावं, समजावत बसू नये.