मदत हवी आहे: मुलाच्या छोट्या कॉलेज टीमची गेम बलाढ्य टीमशी लावलीय, असे सामने व्हावेत का?

रानजाई

नमस्कार मंडळी, इथे अमेरिकेतले बरेच जण आहेत आणि कॉलेज फुटबॉल नीट फॉलो करणारेही आहेत म्हणून विचारतेय.

माझा मुलगा मिडवेस्टातल्या एका छोट्या स्टेट युनिव्हर्सिटीत सोफमोर (दुसऱ्या वर्षाला) आहे आणि तिथल्या फुटबॉल टीममध्ये आहे. इथला फुटबॉल, हेल्मेट घालून खेळतात तो. रिसीव्हर आहे पण सध्या जास्त करून किकऑफ आणि पंटच्या वेळी, म्हणजे बॉल लांब किक करतात तेव्हा, स्पेशल टीम्समध्ये उतरतो. टीम एफसीएसमधली, म्हणजे डिव्हिजन वनच पण खालचा गट. तर पुढच्या सप्टेंबरात यांची गेम एसईसी या दक्षिणेकडच्या बलाढ्य टीम्सच्या लीगमधल्या एका मोठ्या टीमबरोबर ठरलीय, त्यांच्याच स्टेडियमवर. ती टीम आमच्या गावात उलट खेळायला वगैरे येणार नाही, यांनी बसने जायचं, खेळायचं आणि युनिव्हर्सिटीने चेक घ्यायचा. याला गॅरंटी गेम म्हणतात, मोठ्या टीमचे फॅन्स सरळ कपकेक म्हणतात.

पुढच्या आठवड्यात पालकांची ॲथलेटिक डिरेक्टरबरोबर (एडी) झूम मीटिंग आहे आणि तिथे काय विचारायचं हे ठरवायला मला मदत हवीय.

मोठ्या टीम्स हे का करतात ते मला आता बऱ्यापैकी कळलंय. सीझन १२ गेम्सचा, त्यातल्या सात घरच्या मैदानावर हव्यात कारण तिकीट, पार्किंग, खाणंपिणं सगळी कमाई तिथली, आणि बरोबरीच्या टीमला बोलावलं तर पुढच्या कुठल्यातरी वर्षी तुम्हाला त्यांच्याकडे जावं लागतं, छोट्या टीमला पैसे दिले की विषय संपला. वर एक हुकमी विजय. सीझन संपल्यावरच्या मानाच्या बोल गेमसाठी सहा विजय लागतात त्यात एफसीएस टीमवरचा एक विजय मोजला जातो. शिवाय बेंचवरच्या पोरांना खेळवता येतं, २०१८ पासून नियम असा आहे की चार गेम्सपर्यंत खेळलं तरी रेडशर्टचं वर्ष (खेळायच्या वर्षांत न धरलं जाणारं) वाया जात नाही, म्हणजे पहिल्या वर्षाच्या फ्रेशमन मुलांना उतरवायला ही गेम सोयीची.

पण या विषयावर जे काही वाचते त्यात सगळी चर्चा मोठ्या टीमचीच. त्यांचं शेड्यूल किती कच्चं, चॅम्पियनशिपच्या प्लेऑफसाठी टीम्स निवडणारी कमिटी काय म्हणेल, फॅन्सना तिकिटाचा मोबदला मिळतो का. समोर जी टीम उभी असते तिच्या मुलांचं काय याबद्दल दोन ओळी सापडल्या तर नशीब. २०१२ मध्ये सव्हाना स्टेट लागोपाठ दोन आठवडे अशा गेम्स खेळली, ओक्लाहोमा स्टेटकडून ८४-० आणि मग फ्लोरिडा स्टेटकडून ५५-०, तीही तिसऱ्या क्वार्टरमध्ये वादळामुळे थांबवली म्हणून ५५ वर राहिली. दोन्हींचे मिळून साधारण ८ लाख ६० हजार डॉलर मिळाले. पुढे २०१९ मध्ये ते डिव्हिजन टूमध्ये गेले, म्हणजे ते पैसे घेऊनही डिव्हिजन वनमध्ये टिकता आलं नाहीच. आणि २०१५ मध्ये जॉर्जियाच्या मैदानावर सदर्न युनिव्हर्सिटीच्या डेव्हॉन गेल्सला किकऑफच्या वेळी टक्कर होऊन मानेला मार बसला आणि अर्धांगवायू झाला. किकऑफ. माझा मुलगा नेमका तिथेच खेळतो हो. हे कुठल्याही गेममध्ये होऊ शकतं हे मला माहितीय, जॉर्जियाच्या लोकांनी नंतर त्या कुटुंबाला घर बांधायला मदत केली हेही वाचलंय, पण आईचं मन त्या एका शब्दावर अडकून बसलंय.

मुलाला मात्र प्रचंड उत्साह आहे. त्याच्यासमोर एकच उदाहरण, २००७ चं ॲपलाचियन स्टेट, तेव्हाची एफसीएस टीम. मिशिगन देशात पाचव्या नंबरवर, त्यांच्या स्टेडियमवर लाखावर लोक, शेवटच्या क्षणी फील्ड गोल ब्लॉक केला आणि ३४-३२ जिंकले. त्या गेमचे त्यांना ४ लाख डॉलर मिळाले होते. तो म्हणतो आई ही गेम रद्द करा असं मीटिंगमध्ये म्हणालीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही.

माझं मत अजून पक्कं नाही. आत्ता तरी वाटतं की असे सामने असावेत, पण आमच्या मुलांना लिंबूटिंबू म्हणून नेऊन उभं करायचं असेल तर नकोत. तर सांगा, एडीला काय विचारू? पैसे नेमके कुठे जातात? सेफ्टीच्या बाबतीत काही मागता येतं का, की करार झाला म्हणजे झाला?

---

पुणेरी_लाँगहॉर्न

रानजाई, मी १५-२० वर्षं टेक्सासचा फॅन आहे त्यामुळे मोठ्या टीमच्या बाजूने बोलतो. हे सामने बंद होणार नाहीत, उलट वाढतील असं मला वाटतं. गेलं वर्षच बघा, २०२५ मध्ये आमची पहिलीच गेम ओहायो स्टेटशी त्यांच्या घरी, १४-७ ने हरलो, सीझन ९-३ आणि प्लेऑफच्या बाहेर. फ्लोरिडाकडून हरलो तेही नडलं हे मान्य, पण आमच्या कोचने उघड प्रश्न केला की मग अवघड गेम लावायचीच कशाला. आणि दुसरीकडे इंडियाना. लुईव्हिलबरोबरची ठरलेली सिरीज त्यांनी रद्द केली, ओल्ड डोमिनियन, केनेसॉ स्टेट आणि इंडियाना स्टेट अशा तीन गेम्स खेळले, शेवटची ७३-० जिंकले आणि नॅशनल चॅम्पियन झाले. ते खरंच चांगले होते, पुढे त्यांनी सगळ्या मोठ्यांना हरवलं, त्याबद्दल वादच नाही. पण हे बघून बाकीच्या एडींनी काय धडा घेतला असेल ते सांगायला नको.

मला फॅन म्हणून ८४-० बघायला अजिबात आवडत नाही. दुसऱ्या क्वार्टरनंतर स्टेडियम रिकामं होतं, लोक पार्किंगमधल्या पार्टीला, टेलगेटला परत जातात. पण ज्या दिवशी नॉर्दर्न इलिनॉयने नोत्र दामला हरवलं ना, २०२४, १६-१४, त्या दिवशी मी माझी टीम सोडून ती गेम बघत बसलो होतो. नोत्र दामने त्यांना १४ लाख डॉलर दिले होते आणि त्याच वर्षी नोत्र दाम फायनलला गेली. टेक्सास ए अँड एमने २०२२ मध्ये ॲपलाचियन स्टेटला १५ लाख दिले आणि १७-१४ हरले. तुमच्या मुलाला खेळू द्या.

---

ओहायोचा_पक्या

लाँगहॉर्न, तू दिलेल्या दोन्ही टीम्स एफबीएसमधल्या, म्हणजे डिव्हिजन वनच्या वरच्या गटातल्या आहेत रे. नॉर्दर्न इलिनॉय लहान असली तरी वरच्याच गटात, आणि ॲपलाचियनही २०१४ मध्ये वर गेली. या ताईंच्या मुलाची टीम एफसीएस. स्कॉलरशिपचा हिशेबच आत्ताआत्तापर्यंत ८५ विरुद्ध ६३ असा होता. आता तर हाउस सेटलमेंट या कोर्टातल्या तडजोडीनंतर मोठ्या शाळा खेळाडूंना थेट पैसे देतात, २०२५-२६ ला एका शाळेची मर्यादा २ कोटी ५ लाख डॉलर, म्हणजे दरी अजून रुंद होणार. नॉर्थ डकोटा स्टेटने २०१६ मध्ये आयोवाला हरवलं वगैरे ठीक आहे, पण ते तेव्हा त्या गटातले राजे होते, सगळ्यांकडे तशी टीम नसते.

माझं स्पष्ट मत, एफबीएस-एफसीएस गेम्स बंद कराव्यात. बिग टेन या मोठ्या लीगने २०१६ पासून तसं ठरवलंही होतं. पण त्याच वर्षी नऊ कॉन्फरन्स गेम्स (आपल्याच लीगमधल्या टीम्सशी) सुरू केल्या, मग एक आड एक वर्ष घरच्या चारच यायला लागल्या, सात घरच्या गेम्सचं गणित जमेना, आणि २०१७ मध्येच सूट दिली की चार घरच्या असतील त्या वर्षी एफसीएस चालेल. म्हणजे तत्त्व एका बाजूला आणि तिकीट खिडकी दुसऱ्या बाजूला. आता एसईसीपण २०२६ पासून नऊवर जातेय, बघू त्यांचं काय होतं ते.

---

हिशेबनीस

पक्या, बंद करा म्हणणं सोपं आहे. मी एका छोट्या युनिव्हर्सिटीच्या अकाउंट्समध्ये काम करते (फुटबॉलमधलं फार कळत नाही, पैशातलं कळतं). छोट्या डिव्हिजन वन शाळांमध्ये ॲथलेटिक्सचं बजेट तिकिटांवर चालतच नाही, मोठा भाग विद्यार्थ्यांच्या फीमधून आणि युनिव्हर्सिटीच्या पैशातून येतो. त्यात गॅरंटीचा चेक हा बाहेरून येणारा खरा पैसा. तो गेला तर पहिली कुऱ्हाड ट्रॅक, टेनिस, व्हॉलीबॉल यांच्या प्रवासावर पडते, फुटबॉलवर नाही. त्यामुळे मुलींच्या टीम्सच्या आयांना विचारा, त्या म्हणतील गेम होऊ द्या.

रानजाई, पण पैसे कुठे जातात हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. बहुतेक ठिकाणी तो चेक ॲथलेटिक्सच्या जनरल खात्यात जमा होतो आणि मग त्याचं वेगळं अस्तित्व राहत नाही. म्हणून एडीला “पैसे कुठे जातात” असं मोघम विचारू नका, विचारा की या चेकमधून फुटबॉलच्या मेडिकल स्टाफवर किती वाढीव खर्च होणार, एक जास्तीचा ॲथलेटिक ट्रेनर घेणार का. आकडा मागा. आणि करार मागा. स्टेट युनिव्हर्सिटी असल्यामुळे तो पब्लिक रेकॉर्ड आहे, रक्कम, रद्द केली तर भरपाई किती, सगळं त्यात लिहिलेलं असतं.

---

फिजिओ_मेधा

हिशेबनीस यांनी ट्रेनरचं लिहिलं ते अगदी बरोबर. मी त्यात तीन गोष्टी घालते.

एक म्हणजे घड्याळ. कॉलेजच्या नियमात आहे की दोन्ही हेड कोच आणि रेफरी यांचं एकमत झालं तर उरलेल्या क्वार्टर्सचा वेळ कमी करता येतो. हाफटाइमला ४५-० असेल तर आपला कोच ते मागणार का, हे आधीच विचारून ठेवा, त्या क्षणी अभिमान आडवा येतो आणि कोणी मागत नाही. दुसरं, खेळाडू बदलणं. मोठी टीम दुसऱ्या हाफमध्ये तिसऱ्या फळीची पोरं उतरवते, तीही ताजी आणि धिप्पाड, छोट्या टीमकडे तेवढे राखीव खेळाडू नसतात त्यामुळे तीच मुलं थकलेली असताना चौथ्या क्वार्टरपर्यंत मैदानात राहतात. स्पेशल टीम्सची मुलं तर हमखास. तिसरं, इन्शुरन्स. ऑगस्ट २०२४ पासून डिव्हिजन वनच्या मुलांना खेळताना झालेल्या दुखापतीसाठी कॉलेज सुटल्यावरही दोन वर्षं कव्हर आहे, पण ते घ्यायला दुखापत त्या-त्या वेळी रेकॉर्डवर आलेली लागते. मुलाला बजावून सांगा, काही दुखलं तर लपवायचं नाही, ट्रेनरला सांगून लिहून घ्यायचं. या वयाची मुलं मोठ्या गेमच्या आधी हटकून लपवतात.

---

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार, मला वाटलं नव्हतं इतकं मुद्द्याचं मिळेल.

पक्या, तुमचं म्हणणं मला पटतं आणि तरीही मी मीटिंगमध्ये बंद करा म्हणणार नाही. हिशेबनीस यांनी व्हॉलीबॉलचं लिहिलं ते वाचून मी थांबलेच, आमच्या शेजारची मुलगी याच कॉलेजात व्हॉलीबॉल खेळते. पण सव्हाना स्टेटसारख्या लागोपाठ दोन नकोत, वर्षाला एक पुरे, हे मी ठामपणे मांडणार. आणि हाफटाइमच्या घड्याळाचं कोचने सगळ्या पालकांसमोर कबूल करावं, मेडिकल स्टाफचा आकडा सांगावा. एवढं मिळालं तर मी स्वतः त्या स्टेडियममध्ये त्याच्या नंबरची जर्सी घालून बसेन, जिंको नाहीतर हरो.

एकच राहिलं. करार कोणाकडे मागायचा, त्या मोठ्या युनिव्हर्सिटीकडे की आमच्या? मोठी आहे ती दुसऱ्या राज्यात आहे.

---

हिशेबनीस

तुमच्याच. करार एकच असतो, दोघांच्या सह्या असतात. काही राज्यं बाहेरच्या रहिवाशांना रेकॉर्ड देत नाहीत त्यामुळे तिकडे वेळ घालवू नका. युनिव्हर्सिटीच्या साइटवर पब्लिक रेकॉर्ड्स नावाचं पान असेल, तिथे गेमची तारीख आणि दोन्ही शाळांची नावं लिहून ईमेल टाका. आजच टाका, उत्तर यायला वेळ लागतो आणि मीटिंग पुढच्या आठवड्यात आहे.